ताप आल्ता

तीर्थपुरीच्या नंदाबाईंच्या घरात खोटं बोलत नाहीत, असं गावात सगळे म्हणायचे. त्यांचा मुलगा वसंता पाण्याच्या मोटारी भरायचा, म्हणजे त्यांत तांब्याची तार गुंडाळून द्यायचा. जळालेल्या मोटारीत जुनंच तांबं गुंडाळून नवं म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची चाल त्या धंद्यात काही थोडीथोडकी नाही, पण वसंताला ते कधी जमलं नाही. वसंताची बहीण शीतल गावातल्याच शाळेत बालवाडीला शिकवायची आणि पोरांच्या आयांना तोंडावर सांगायची की तुमचं पोरगं मारकुटं आहे. असल्या सरळ घरात खोटं शिरलं ते एवढंसं, दोन अक्षरांचं. ताप.

त्या उन्हाळ्यात शीतलसाठी स्थळं बघणं चालू होतं. दुपारची वेळ होती. कूलरसमोर सतरंजी टाकून शीतल आडवी झाली होती आणि भावाची मुलगी अर्पिता तिच्या कुशीत गोष्ट ऐकत पडली होती. घरात तिला सगळे अर्पी म्हणत. चार वर्षांचं लेकरू, आईपेक्षा आत्यालाच जास्त चिकटलेलं. जेवायला आत्या, न्हायला आत्या, रुसायलाही आत्याच. गोष्ट मधेच थांबवून अर्पी म्हणाली, "आत्या, माझा अंगठा नाचून राह्यला."

शीतलनं बघितलं. डाव्या हाताचा अंगठा खरंच नाचत होता, कुणी दोरीनं ओढल्यासारखा. तिला हसू आलं. हो, आधी हसूच आलं, आणि त्या हसण्याबद्दल पुढं तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही. मग बोटं नाचली, मग मनगट, मग ओठाचा डावा कोपरा कानाकडे ओढला गेला, आणि आत्याकडे बघता बघता लेकराचे डोळे भलतीकडेच फिरले. अंग सगळं ताठलं. शीतल ओरडली तशी वहिनी, तृप्ती, पिठाच्या हातानं धावत आली. कांदा आला, चप्पल आली, शेजारीण आली. थोड्या वेळानं अर्पी आपली आपण सैल पडली आणि झोपून गेली. शीतलनं तिच्या कपाळाला, पोटाला, मानेला हात लावून बघितला. कूलरच्या वाऱ्यानं अंग गार पडलं होतं.

शेजारीण काय झालं, काय झालं म्हणून आत डोकावत होती. नंदाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सकाळधरनं ताप आल्ता पोरीला. डोक्यात चढला."

नंदाबाईंना दुष्ट म्हणायच्या आधी यमुनाचं ऐकून घ्या. यमुना त्यांची सख्खी थोरली बहीण. लग्न होऊन सासरी गेली आणि एके दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या तिला झटका आला. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं ते कायमचं. फेफऱ्याची यमुना, असंच तिचं नाव पडलं. थोरली अशी म्हणून पाठच्या नंदाबाईंचंही लग्न रखडलं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, शिस्तीत हात धुवून जायचे आणि पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप धाडायचे. यमुना माहेरच्या ओसरीत धान्य निवडता निवडता केस पिकायच्या आतच गेली. ते गाव लांबचं, तीर्थपुरीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. आता ऐन सोयरिकीच्या दिवसांत नातीला तसंच ताठलेलं बघून त्या बाईला काय काय आठवलं असेल ते तिचं तिलाच माहीत. तापातला झटका कुणाच्याही लेकराला येतो, त्याचं कुणी काही मनावर घेत नाही. बिनतापाचा आला की ते फेफरं, ते रक्तातलं. आणि रक्तातलं म्हटलं की आधी लग्नाच्या आत्यावर येणार.

जालन्याला खरात डॉक्टरांकडे नेताना एप्रिलच्या उन्हात नंदाबाईंनी अर्पीला गोधडीत गुंडाळलं. तापाचं औषधही पाजलं, म्हणजे विचारलं तर सांगता येईल की उतरला. जुन्या जालन्यात डॉक्टरांचा दवाखाना धान्याच्या आडतींच्या बोळात होता. पोत्यांच्या गर्दीत ऑटो अडकला म्हणून शेवटचं अंतर चालत जावं लागलं. डॉक्टरांच्या टेबलावर पोचली तेव्हा अर्पी घामानं निथळत होती आणि कपाळ चांगलं तापलं होतं.

बुद्धभूषण खरात हा डॉक्टर तपासण्या लिहून देत नाही, अशी लोकांची तक्रार असायची. लोकांना काहीतरी काढलेलं, छापलेलं हातात लागतं. वसंतानंही बसल्या बसल्या तेच सुरू केलं, की डोक्याचा फोटो काढून टाका साहेब, खर्चाचं बघू नका. डॉक्टरांनी त्याला शांतपणे समजावलं. ह्या वयात तापात झटका आला, सगळं अंग एकदम ताठलं, थोड्या वेळात थांबला आणि पोर नंतर नीट खेळू लागलं, तर फोटोत काही सापडत नाही. सिटी काढायचा तर एवढ्याशा डोक्याला विनाकारण किरणं द्यायची. एमआरआयला किरणं नसतात, पण त्या मशीनमध्ये लेकराला निपचित पडून राहावं लागतं, म्हणून भूल द्यावी लागते. गरज नसताना तेही करू नये. पण ताप नसताना झटका आला असेल, नाहीतर एकाच बाजूनं सुरू झाला असेल, तर गोष्ट वेगळी. मग आत काय आहे ते बघावंच लागतं, आणि ते एमआरआयमध्येच बघावं लागतं.

एकदम सगळंच अंग ताठलं, असं नंदाबाईंनी सांगितलं. अंग तव्यावाणी झाल्तं, हेही त्यांनीच सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि ते शीतलकडे वळले, कारण अर्पी तिच्या मांडीवर होती.

"झटका आला तेव्हा जवळ तुम्ही होतात ना? ताप होता?"

अंगठ्याचं शीतलच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं आईकडे बघितलं. नंदाबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या, त्या आपल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, आणि शीतलला आईचा तो चेहरा बघवला नाही.

"हो," ती म्हणाली. "ताप होता."

डॉक्टरांनी फोटो लिहिला नाही. त्यांनी केलं ते बरोबरच केलं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं नात्यातल्या शहाण्यांनी त्यांनाच बोल लावला. त्यांनी तापाच्या दिवसांत द्यायच्या गोळ्या दिल्या आणि पुन्हा असं झालं तर या म्हणून सांगितलं. घरी येताना सगळे हलके झाले होते. डॉक्टरच म्हणले फोटोची गरज न्हाई, हे नंदाबाईंनी गल्लीत ज्याला त्याला ऐकवलं. आणि गोळ्यांचं काय झालं, तर त्या ताप आल्यावर द्यायच्या होत्या. ताप काही आला नाही. झटके येत राहिले, गोळ्या फळीवर तशाच राहिल्या.

पोरीला एक गोष्ट शिकवणं तेवढं बाकी होतं. ते काम नंदाबाईंनी केलं आणि प्रेमानं केलं, मांडीवर घेऊन, केस विंचरत. कुणी विचारलं तर काय सांगायचं? ताप आल्ता. अंगठा नाचतो असं बोलायचं न्हाई. बोललं तर आत्याचं लगीन मोडतं, आणि आत्या मंग रडती. अर्पीला हे एकदाच सांगावं लागलं. तिनं मान हलवली आणि त्या दिवसापासून अंगठा नाचू लागला की ती उजव्या हाताच्या मुठीत त्याला घट्ट दाबून धरायची, कुणाला दिसू नये म्हणून. शीतलनं ते बघितलं होतं. बघितलं आणि लग्न होऊन जाऊ दे, मग दादाला सांगून पोरीला नीट दाखवू, असं मनाशी ठरवलं. माणूस असं ठरवतो. ठरवल्यानं जीव थंडावतो आणि दिवस निघतो.

पुढच्या वैशाखात बदनापूरच्या सूरजशी तिचं लग्न झालं. तो जालन्याला बियाण्याच्या कंपनीत होता, रोज जाऊन येऊन करायचा. कमी बोलणारा, स्वभावानं गरीब. नवरदेवाकडची मंडळी हळदीलाच मुक्कामाला आली होती. हळद लागत असताना मांडवामागं पाण्याच्या टाकीजवळ अर्पी पडली. सूरज तिथंच हात धुवत उभा होता, त्यानंच तिला उचललं. नंदाबाई पळत आल्या, पोरीला त्याच्या हातून घेतलं आणि म्हणाल्या की ऊन लागलं पाहुणे, कालपासनं तापच हे तिला. सूरजनं मान हलवली. शीतल हळदीच्या पाटावर होती, तिला हे नंतर कळलं, आणि सोयऱ्यांना काही समजलं नाही म्हणून तिला चक्क बरं वाटलं.

ती सासरी गेली आणि अर्पीची खबर फोनवर येऊ लागली. शीतल विचारायची, अंगठा कसा हे? फोनवर आई सांगायची, अधूनमधून ताप येतो. आपल्या माणसांशी बोलतानाही आता तोच शब्द होता. एकदा मात्र वसंताला राहवलं नाही. आईला न सांगता तो पोरीला घेऊन जालन्याला गेला, पण खरात डॉक्टर पुन्हा तेच विचारतील ह्या धास्तीनं तिकडे फिरकला नाही. दुसऱ्याच एका ठिकाणी त्यानं डोक्याचा सिटी काढून घेतला. तिथं कुणी फार विचारलं नाही. फोटो साफ आला. वसंतानं येतानाच पेढे आणले. नंदाबाईंनी मारुतीला नारळ फोडला, तृप्ती तर देवासमोर बसून रडली. साफ, हा दुसरा शब्द घरात आला आणि पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला. झटका आला की आता म्हणायचे, येऊ दे, फोटो तर साफ हे.

भाऊबिजेला वसंता बदनापूरला आला तेव्हा अर्पीला घेऊन आला. सुट्टी आहे, राहू दे आत्याकडे आठ-पंधरा दिवस. शीतलला कोण आनंद झाला. सकाळी तिनं पोरीला ताट वाढलं, भाकरी, वांग्याची भाजी, वर लोण्याचा गोळा, आणि स्वतः तव्यावरची भाकरी उलटायला वळली. परत बघते तर अर्पी भाकरी मोडत होती. डावं कोपर भाकरीवर दाबून धरलं होतं आणि उजव्या हातानं तुकडा तोडत होती. डावा पंजा नुसता खाली लोंबत होता.

"हातानं धर की बाळा," शीतल म्हणाली.

अर्पी म्हणाली, असंच जमतं.

तव्यावरची भाकरी करपून गेली. शीतल तिच्यापुढं खाली बसली आणि तिनं तो हात हातात घेतला, बोटं दाब म्हणाली. अर्पीनं खूप जोर लावला, तोंड लाल झालं, बोटं जेमतेम वळली. केव्हापासून असं होतंय, तर अर्पीला सांगता येईना. चालताना डावी चप्पल फरफटते हेही मग शीतलच्या लक्षात आलं. घरात रोज बघणाऱ्यांना हे दिसलं नव्हतं, कारण रोज थोडं थोडं गेलं होतं.

शीतलनं आईला फोन लावला आणि सांगितलं की मी हिला उद्या खरात डॉक्टरांकडे नेते आणि सगळं खरं सांगते. नंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या की तुझी कूस अजून उजवायची हे शीतल, उद्या लेकरू झालं आन ते नुसतं शिंकलं तरी तुझ्या रक्तावर येईल. जावई संगट असतील. त्यांच्यापुढं बोलू नको. शीतलला त्या क्षणी आईचा भयंकर राग आला, आणि रागाच्या खाली भीतीही होती, ती काही खोटी नव्हती. सहा महिन्यांचा संसार. सासू चांगली होती, पण यमुनाची सासूही आधी चांगलीच असणार.

दुसऱ्या दिवशी सूरजनं सुट्टी टाकली आणि गाडी काढली. तीर्थपुरीहून वसंता आणि तृप्ती परस्पर जालन्याला आले. डॉक्टरांच्या खोलीत सगळे एका बाकावर दाटीनं बसले. सूरज बाहेर थांबतो म्हणाला होता. शीतलच म्हणाली, नका जाऊ, बसा.

"डॉक्टर साहेब, ताप नव्हता," ती म्हणाली. "पहिल्यांदा बी नव्हता आन नंतर बी कधीच नव्हता. डावा अंगठा आधी नाचतो, मंग तोंड ओढतं, मंग ती पडते. मी बघितलेलं हे. मी खोटं सांगितलं तुम्हाला."

वसंतानं घाईघाईनं पिशवीतून तो सिटीचा फोटो काढून पुढं केला, म्हणाला, पण हा साफ आल्ता साहेब. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला आणि खाली ठेवला. मार लागला असता, आत रक्त साकळलं असतं, घाई असती, तर हा फोटो कामाचा होता, असं ते म्हणाले. मेंदूच्या मऊ भागात बारीक काही वाढत असेल तर ह्याच्यातून निसटून जातं. मग त्यांनी अर्पीला चालायला लावलं, बोटं दाबायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली. ते चिडतील अशी शीतलची अपेक्षा होती. ते चिडले नाहीत, खुर्चीत बसले आणि चष्मा काढून हातात धरला.

"फोटो काढायचा का नाही, आणि काढायचा तर कोणता, हे मला मशीन सांगत नाही ताई," ते म्हणाले. "तुम्ही सांगता. मला दुसरं कोण सांगणार?"

तृप्तीनं पदर तोंडात कोंबला होता. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला आणि छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात स्वतः फोन करून वेळ घेतली.

एमआरआयच्या आधी अर्पीच्या केसांतले चिमटे काढले, पायातले वाळे काढले, कमरेच्या काळ्या दोऱ्यातला चांदीचा मणी कापून काढला. भुलीचं औषध शिरेत गेलं तशी ती आत्याकडे बघता बघता झोपली. आत मशीन बडवल्यासारखं ठोकत राहिलं. बाहेर नंदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, एसटीनं एकट्याच आल्या होत्या. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

फोटोत दिसायचं ते स्पष्ट दिसलं. मेंदूच्या उजव्या बाजूला, डावा हात हलवणारी जागा असते तिथंच, गाठ होती. सावकाश वाढणारी जात, असं मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सावकाश, हा शब्द ऐकून तृप्तीला आधी बरं वाटलं. मग बाईंनी समजावलं की गाठ लहान असती तर हाताची जागा राखून अख्खी काढता आली असती. आता ती त्या जागेत मुरली आहे. जीव वाचवायचा, झटके कमी करायचे, तर काढावीच लागेल, आणि काढताना हाताची हालचाल जाईल. पायाचं नंतर बघू. थोडी गाठ आत राहीलच, तिच्यावर पुढं लक्ष ठेवावं लागेल. मागल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच हा फोटो काढला असता तर, असं वसंता बोलू लागला आणि बाईंनी त्याला मधेच थांबवलं, म्हणाल्या, आता तो हिशोब नको.

तेव्हा नंदाबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांनी बाईंना विचारलं, "ह्या मशीनीत आमच्या यमुनाचं बी दिसलं असतं का?"

बाईंना यमुना कोण ते माहीत नव्हतं. वसंतानं आईच्या खांद्याला धरून तिला बाहेर नेलं. शीतलला वाटलं होतं की आता आईला आपण बोल बोल बोलू. पण त्या पाठमोऱ्या म्हातारीकडे बघून तिचा राग कुठंच चालेना. ताप होता, हे डॉक्टरांच्या तोंडावर बोलली ती तर शीतल. आईनं घातलेला शब्द होता, तोंड हिचं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी ती आणि सूरज दवाखान्याच्या जिन्यावर बसले होते. आतापर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता. चहा आणून देत होता, औषधं आणून देत होता. शेवटी शीतलनंच विषय काढला, म्हणाली, तुम्हाला फसवून तुमच्या घरात आले मी, काय बोलायचं ते बोला.

सूरज पायरीकडे बघत होता. "हळदीच्या दिवशी मीच उचललं ना तिला," तो म्हणाला. "अंग गार होतं. तुमच्या आई म्हणल्या ताप हे. मी म्हणलं, असंल. कशाला विचारायचं, चार लोकांत उगं त्यांचा पाणउतारा झाला असता."

"मंग नंतर बी कधी विचारलं न्हाई?"

"तुला आवडलं नसतं. तू सांगशील तवा सांगशील, असं वाटलं. त्याचं काय एवढं, मला काय फरक पडत होता?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं शीतलला वाटलं. त्यानं हात उगारला असता, हिला माहेरी सोडून येतो म्हणाला असता, तर निदान ज्याला भिऊन एवढं केलं ते खरं तरी ठरलं असतं. ज्याच्यापासून लपवलं त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि त्याला त्याचं काहीच नव्हतं. तिनं जिन्याच्या कठड्यावर डोकं टेकलं आणि ती आवाज न करता रडली. सूरज म्हणाला, मीही बोलायला पाहिजे होतं. मग दोघंही उठले, कारण वरून तृप्ती हाक मारत होती की पोरीला आत घेऊन चालले.

अर्पी वाचली. चार-पाच दिवसांनी तिला अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात आणलं. डोक्याला पांढरं बांधलेलं, चेहरा सुजून मोठा झालेला, आणि त्या सुजलेल्या चेहऱ्यात डोळे मात्र तेच. डावा हात चादरीवर ठेवला होता तिथंच पडून होता. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. विचारलं नाही ह्याचंच शीतलला जास्त वाईट वाटलं. ती खाटेच्या एका अंगाला बसून पोरीला चमच्यानं पेज भरवत होती आणि सूरज पायाशी उभा होता. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

दुपारच्या पाळीची नर्स नवीन होती. तिनं सलाईन बघितलं, अर्पीच्या गालाला हात लावला आणि लहान लेकरांशी बोलतात तसं सहज विचारलं, की काय झालं होतं गं आमच्या राणीला?

अर्पीनं पेज गिळली. तिची नजर आधी पायाशी उभ्या असलेल्या सूरजकडे गेली, मग नर्सकडे आली.

"ताप आल्ता," ती म्हणाली.

तिचा आवाज ऑपरेशननंतर जड झाला होता, पण शब्द नीट आले. नर्स बरं बरं म्हणून पुढच्या खाटेकडे गेली. शीतलच्या हातातला चमचा तसाच राहिला. शेवटी सूरजच पुढं आला. खाटेच्या कडेला बसून त्यानं तो निपचित हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आत्याचा नवरा म्हणून अर्पी त्याला मामा म्हणायची.

"ताप नव्हता अर्पी," तो म्हणाला. "मला माहीत हे. तुझा अंगठा नाचायचा."

अर्पीचं तोंड एकदम भेदरून गेलं. तिनं मान वळवायला बघितलं, दुखलं म्हणून वळवता आली नाही, तेव्हा नुसते डोळे फिरवून ती आत्याला शोधू लागली.

"म्या न्हाई सांगितलं आत्या," ती म्हणाली. "म्या कुणालाच न्हाई सांगितलं."